संशयकल्लोळ आणि संत्र्यांचा इसार
(कुटुंबमेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या या मंडपात सकाळपासून दान, शिक्षण आणि समाजकार्य यांवर उत्तम भाषणे झाली. आम्हांस मात्र चिटणीसांनी विषय दिला, 'नवरा, बायको आणि शेजारी'. तो ऐकताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यांचं सांगू नका. आपलंच सांगा." तेव्हा आज आपलेच सांगणे आले.

पण आधी थोडे नाटकाविषयी. १६६० साली मोलिएर या फ्रेंच नाटककाराने एका संशयी नवऱ्याचे प्रहसन लिहिले. १७६१ साली आर्थर मर्फी याने त्यावरून इंग्रजी नाटक रचले. त्या नाटकावरून आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव' लिहिले आणि पुढे १९१६ साली तेच पदांसह 'संगीत संशयकल्लोळ' होऊन रंगभूमीवर आले. पॅरिसचा नवरा लंडनमार्गे महाराष्ट्रात उतरला, पण कोणालाही परका वाटला नाही. अशा नवऱ्याला परका म्हणणारे गाव पृथ्वीवर नसावे!

गोष्ट आपणांस ठाऊक आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते नेमके कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. इकडे अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ते नेमके फाल्गुनराव पाहतो. डोळ्यांनी पाहिलेले सारे खरे, त्यावरून काढलेले अनुमान तेवढे खोटे. एकाने दुसऱ्यास सरळ विचारले असते, तर नाटक पहिल्या अंकातच आटोपते.

आमच्या घरी तसबीर नव्हती, सोनाराची चिठ्ठी होती. साल २००४. तेव्हा आपले सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, आमची गल्ली तीच आहे. पोळ्याच्या सुमारास आमच्या बागेतील आंबिया बहाराचा सौदा झाला. माल झाडावरच विकला आणि व्यापाऱ्याने इसार दिला. पूर्वी विहीर खोदताना सौभाग्यवतींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. लग्नाला पंचवीस वर्षे होत होती. पाडव्याच्या ओवाळणीत पाटल्या घालून त्यांस चकित करावे, असे आमच्या मनाने घेतले. इसारातून सोनाराकडे गुपचूप पैसे भरले आणि घरी सांगितले, "यंदा भाव पडला. इसार कमी मिळाला."

एवढेसेच खोटे. पण ते आमच्या घरात कसले राहते! सौभाग्यवतींनी कुंपणापलीकडे वहिनींना सांगितले, वहिनींनी भाऊंना. चार दिवसांनी धुण्यात आमच्या सदऱ्याच्या खिशातून ती चिठ्ठी निघाली : 'पाटल्या, एक जोड'. कोणासाठी, ते लिहिलेले नव्हते. सौभाग्यवतींनी आम्हांस विचारले नाही, वहिनींना विचारले. वहिनींनी भाऊंना आमच्या मागावर लावले. बाजारच्या दिवशी भाऊ मागे येताना पाहून आम्हांस वाटले, आमच्या इसाराचा खरा आकडा काढायला हे निघाले आहेत. आम्ही कापडाच्या दुकानात शिरून मागच्या दाराने निसटलो. भाऊंनी घरी जाऊन ते जसेच्या तसे सांगितले. पांढुर्ण्याची गोटमार वर्षातून एक दिवस होते. आमच्याकडे ती शब्दांनी दिवाळीपर्यंत चालली.

पाडव्याला आम्ही ताटात पाटल्या ठेवल्या. सौभाग्यवती हसल्या, रडल्या, आणि एकदम थबकल्या. "म्हणजे भाव पडलाच नव्हता?" त्यांनी विचारले.

आम्ही भाऊंकडे धावलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमीच म्हणे ना भाऊ, भाव पडला म्हणून. म्या दुसऱ्याच दिवशी बाग देऊन टाकली." आमचा भाव ऐकून त्यांनी घाईने कमी दरात सौदा केला होता. त्या वर्षी त्यांच्या लेकीचे लग्न ठरले होते.

मंडळी, येथे आमचे हसणे संपले. नाटकात घोटाळा उलगडला की पडदा पडतो आणि सारे जेथल्या तेथे येते. गल्लीत पडदा पडत नाही. आमच्या चतुराईची किंमत जो त्या चतुराईत नव्हता, त्या शेजाऱ्याने मोजली होती.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनीच पाटल्या सोनाराकडे परत नेल्या. घडणावळ बुडाली. उरलेले पैसे त्यांनी वहिनींच्या पदरात घातले. भाऊ घेईनात. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे यांच्या खोट्याचे पैसे आहेत. आमच्या घरात ठेवायचे नाहीत." शेवटी भाऊंनी अर्धे घेतले आणि अर्धे लेकीच्या लग्नात आमच्याकडून आहेर म्हणून लिहून घेतले. हिशेब कोणाचाच जुळला नाही, पण कुंपणातले दार पुन्हा उघडले. ते आजही उघडे आहे. आत्ता भाऊ समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आमच्याकडे पाहून हसत आहेत.

तात्पर्य मोठे नाही. मनात शंका आली तर ज्याची शंका आली त्यासच विचारावे. आणि घरच्यांस चकित करण्याची फार हौस आली, तर निदान बाजारभाव तरी खरा सांगावा!

 सौभाग्यवती जे घरी गेल्यावर बोलतील, ते पुढील महोत्सवात सांगू.