विद्यार्थ्यांशी हितगुज



पदवी मिळाल्यावर पुढे काय करावे, असे तुम्ही आम्हां प्राध्यापकांस वारंवार विचारता. आपल्या कोंडाण्याजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी ब्राह्मी लिपीत एवढेच कोरलेले आहे की, कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. बलकाने गुरूचे नाव आधी घातले, स्वतःचे मागून. आणि काम तर शेजारीच उभे आहे, लाकूडकामाची घडण दगडात उतरविलेले!

म्हणून नोकरी स्वीकारताना वेतनाबरोबर हेही विचारा, की तेथे आपण कोणाच्या हाताखाली शिकणार? कर्जतहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. रोज इतका प्रवास करून केवळ कागद हलवावयाचे असतील, तर जवळच्या कसबी माणसाकडील थोडे वेतन आम्हांस बरे वाटते. मात्र जो दोन वर्षांत काहीच शिकवीत नाही, त्यास नमस्कार करून निघावे. घरी कर्ज असेल त्याने प्रथम पगारच पाहावा; त्यात कमीपणा मुळीच नाही. आईबापांनीही त्यास बोल लावू नये.