असंसर्गी रोग आणि आपलें कर्तव्य



शाहू महाराजांनीं आपल्या जनकाच्या, जयसिंगरावांच्या, नांवानें वसविलेली ही आपली पेठ. भोंवतालीं शिरोळ तालुक्यांत ऊंस पिकतो. पेठेंत तंबाखूचा व्यापार नांदत आला. ज्यांनीं येथल्या चुली पेटविल्या, तींच पिकें शरीरास भोंवतात, हें सांगणें आम्हांस भाग आहे.

एके काळीं पटकी व प्लेग यांचें भय असे. १९९० सालीं भारतांतील शंभर मृत्यूंपैकीं सुमारें ३८ मृत्यु हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह अशा असंसर्गी रोगांनीं होत. २०१६ सालीं ते ६२ झाले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

प्लेगांत उंदीर पडत आणि लोक सावध होत. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षें मुकाट वाढतो. पुष्कळदां पहिली वार्ता पक्षाघाताचीच येते. मग मिळवता हात पडतो व सारें घर खचतें. यास्तव, कांहीं दुखत नाहीं म्हणून आपण निरोगी, असें कोणीं मानूं नये. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासतात, तेथें जावें. दिवसाचें मीठ लहान चमच्याहून कमी असावें, चहांतील साखर घटवावी, मिश्रीची डबी घराबाहेर काढावी.

प्रायश्चित्तकाळांत आपण उपवास पाळतों. इतर दिवसांतही ताट आवरावें. ज्युबिलीच्या या दिवशीं आमची विनंति एवढीच: येत्या रविवारापूर्वीं प्रत्येक घरांतील वडील माणसांचा रक्तदाब मोजून घ्यावा.