पेला आणि गंगाळ



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. तरी आज आम्ही समुद्रातल्या सांडपाण्याची गोष्ट सांगणार आहोत. तिचा आपल्या विहिरीशी संबंध आहे.

आधी ही दोन भांडी पाहा. एक पेला, एक गंगाळ. दोन्हींत पाणी आहे. दोन्हींत आम्ही चिमूट-चिमूट नीळ टाकली. पेल्यातले पाणी गर्द निळे झाले. गंगाळात नुसती छटा आली. नीळ तेवढीच, पण पाणी जास्त, म्हणून ती विरळ झाली.

मुंबईत असेच करतात. वरळी आणि वांद्रे येथे समुद्राच्या तळाखालून बोगदे नेले आहेत. ते ३ किलोमीटरहून लांब आहेत. त्यांतून शहराचे सांडपाणी सोडतात. टोकाला एकच मोठे तोंड नाही. अनेक तोंडे आहेत. त्यांतून पाणी निरनिराळ्या धारांनी निघते. सांडपाणी गोडे असते, म्हणून ते खाऱ्या पाण्याहून हलके. चुलीचा धूर जसा वर चढतो अन् पसरतो, तसेच ते वर चढते. चढताना भोवतालचे खारे पाणी त्यात मिसळते. मग समुद्राचे प्रवाह आणि भरती-ओहोटी त्याला दूरवर पसरवतात. उन्हाने आणि खारेपणाने पुष्कळ रोगजंतू मरतात.

मग सगळी घाण गेली का? नाही! नीळ अजून गंगाळातच आहे. विरळ होणे वेगळे, नाहीसे होणे वेगळे. प्लास्टिक तर विरघळतच नाही. प्रवाह किनाऱ्याकडे वळला, तर घाणही तिकडे येते. म्हणून सांडपाणी आधी शुद्ध करावे लागते. मुंबईत वरळी-वांद्रे धरून ७ ठिकाणी मोठ्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी २०२३ साली झाली.

आता आपल्याकडे या. आपले नाले वर्धा नाही तर पैनगंगा नदीला मिळतात. ते पाणी पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. पण समुद्र फार लांब! वैशाखात आपल्या नाल्याला पाणी असते किती? पेलाभर.

आम्ही मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एका गावी नाल्याकाठच्या विहिरीत घाण झिरपली. हगवणीची साथ आली. वर्गातली कितीतरी मुले आजारी पडली. एक मुलगा शाळेत परत आलाच नाही. त्याची पाटी आम्ही पुष्कळ दिवस जपून ठेवली होती.

म्हणून सांगतो, संडासाचे पाणी नाल्यात सोडू नका. मोरीच्या पाण्यासाठी विहिरीपासून दूर शोषखड्डा करा. त्यात दगड-विटांचे तुकडे भरा. पिण्याचे पाणी उकळून घ्या.

मंडळी, समुद्र गंगाळ आहे. आपला नाला पेला आहे. एवढे घरी जाऊन सर्वांना सांगा.