एक शून्य गेलं आणि कॅलिफोर्निया गायब

आज माझ्याच एका घोळाची गोष्ट.

अमेरिकेत मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे, मुख्यतः 65 च्या पुढच्यांसाठी. तिच्या डेटावर मी काम करायचो. त्यात प्रत्येक हॉस्पिटलला सहा जागांचा एक नंबर असतो, सीसीएन. पहिले दोन आकडे राज्याचे: अलाबामा 01, कॅलिफोर्निया 05. मी काय केलं, तर फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. पुढचं शून्य उडालं. मग दुसऱ्या टेबलशी जोडताना 01 ते 09 वाली सगळी हॉस्पिटलं गुल! एरर एकही नाही. रिपोर्ट तर मस्त दिसत होता. टीममधल्या ताईंनी विचारलं, "काय रे, कॅलिफोर्नियात कुणी आजारीच पडत नाही का?"

शून्य परत लावलं, तरी काही ओळी रिकाम्याच. कारण हॉस्पिटलातल्या मानसोपचार युनिटच्या नंबरात तिसऱ्या जागी 'एस' असतो, रिहॅब युनिटच्या 'टी'. म्हणजे हा नंबर मुळात नंबरच नाही, टेक्स्ट आहे!

त्या मानाने एनपीआय गुणी. 10 आकडी, सुरुवात 1 किंवा 2 ने, आणि शेवटचा आकडा क्रेडिट कार्डसारखा तपासणीचा, त्यामुळे टायपिंगची चूक बहुतेक वेळा लगेच कळते. पण तो डॉक्टरलाही असतो आणि संस्थेलाही. शिवाय एकाच हॉस्पिटलचे अनेक एनपीआय असू शकतात. म्हणून एनपीआय मोजून हॉस्पिटलं मोजू नका. तो माझा दुसरा घोळ, पुढच्या भागात सांगतो.