बोटीवरची रात्र : लहान मुलांना कुठे निजवावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी चिटणीसबाईंकडे दोनच वस्तू मागितल्या. एक खडू आणि एक मापाची टेप. बोलायला खडू कशाला, असे त्यांनी हसून विचारले. त्याचे उत्तर तुमच्यासमोर जमिनीवर आखलेले आहे. १५ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी ही चौकट. प्रवासी बोटीवरची साधी केबिन सुमारे एवढीच असते. त्यातच न्हाणीघर, त्यातच कपाट, आणि उरलेल्या जागेत तुमचे सगळे कुटुंब. या चौकटीत लहान मुलांना रात्री निजवावे कुठे, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून सांगावासा वाटतो.

आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना कोकणची बोट आठवत असेल. मी लहानपणी आई आणि आत्याबरोबर बोटीने देवगडला जात असे. तेव्हा कसली केबिन आणि कसले काय! डेकवर सतरंजी पसरायची, उशाला बोचके घ्यायचे आणि ओळीने आडवे व्हायचे. आत्याचा एकच नियम असे : "मुले मधे, मोठी कडेला." तेवढ्यावर आम्ही सुखरूप गावी पोचत होतो.

आता मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला सहलीच्या मोठ्या बोटी जातात. माझी मुलगी, जावई, पाच वर्षांची नात आणि चौदा महिन्यांचा नातू अशी मंडळी निघाली आणि मलाही आग्रहाने बरोबर घेतले. त्यांची एक केबिन, शेजारची माझी. तिकिटे काढून देणाऱ्याने सांगितले होते, "चार माणसांची खोली आहे, काळजी नको." आम्हीही काळजी केली नाही. ती चार माणसे कोण, हे त्यानेही विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

बोटीवर गेल्यावर पाहतो तो खाली दोन पलंग आणि वर दोन बर्थ. आगगाडीत असतात तसेच, दिवसा भिंतीत मिटणारे आणि रात्री उघडून शिडी लावायची. नातीला शिडी पाहून आनंद झाला. "मी वर झोपणार!" मुलगी नको म्हणत होती. तेव्हा मध्ये तोंड घातले ते मी. म्हटले, "असू दे ग, हौस आहे पोरीची. कठडा आहे ना?" झाले! खालचे दोन पलंग जोडले, बाळाला दोघांच्या मधे घेतले आणि नात वर गेली.

त्या केबिनला खिडकी नव्हती. आतल्या बाजूच्या केबिनला ती नसतेच. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख. रात्री दोनच्या सुमारास पोर लघवीला उठली, शिडीची पायरी चुकली आणि खाली आली. देवाची कृपा, पडली ती पलंगाच्या कडेवर. ओठ फुटला, दुधाचा एक दात हलला, एवढ्यावर निभावले. हाच आवाज जमिनीवर झाला असता तर? मुलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच तो मला अधिक लागला. शिवाय बाळ अंगाखाली येईल या धास्तीने तिने स्वतः तोवर डोळ्याला डोळा लावला नव्हता, हेही मला तेव्हाच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला बोलावून आम्ही सगळा संसार नव्याने मांडला. वरचे दोन्ही बर्थ भिंतीत मिटवले. जोडलेले पलंग सोडवून एकेक भिंतीला लावले. मधल्या वाटेच्या आतल्या टोकाला, दाराच्या समोर नव्हे, बाळासाठी कठड्याची घडीची खाट आणवली. नात माझ्याकडे आली. माझ्या खोलीत पलंग जोडून भिंतीला लावला, भिंतीकडे ती आणि कडेला मी. मग ध्यानात आले की आत्याचाच नियम पुन्हा पाळला आहे!

भगिनींनो, या अनुभवावरून आणि नंतर विचारपूस करून जे समजले, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, केबिन ठरवताना माणसे नुसती मोजू नका. त्यांची वये सांगा. तान्हे बाळसुद्धा एक माणूस धरतात. याचे कारण केवळ पैशाचे नाही. प्रत्येक प्रवाशाला संकटकाळच्या होडीत जागा राखावी लागते. म्हणून खोलीत बर्थ रिकामा असूनही, बोटीच्या त्या भागातल्या होड्यांची संख्या पुरी झाली असेल तर जास्तीचे माणूस घेत नाहीत. "मांडीवर घेऊन बसेन" हे तिथे चालत नाही. तसेच पुष्कळ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला बोटीवर घेतच नाहीत आणि लांबच्या समुद्रप्रवासाला वर्षाची अट घालतात. बोटीवर डॉक्टर असला तरी मोठे इस्पितळ नसते, हे त्यामागचे कारण.

दुसरी गोष्ट, वरचा बर्थ. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर निजवू नये, असा अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा खात्याचा सल्ला आहे. घरातल्या स्थिर पलंगासाठी तो दिलेला आहे. हलत्या बोटीवर तर तो दुप्पट मानावा. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही वर चढवू नका. वरची जागा तरण्या माणसाची.

तिसरी गोष्ट, तान्हे बाळ. वर्षाच्या आतले बाळ उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलईशिवाय, आईजवळ पण वेगळ्या अंथरुणावर निजवावे, असे डॉक्टर सांगतात. बोटीचे पलंग अरुंद, शेजारी भिंतीची फट. तेव्हा खाटेची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. बोटीवर खाटा मोजक्याच असतात.

चौथी गोष्ट. तुम्ही म्हणाल, आपण घरी खाली गादी घालतो, पडायची भीतीच नाही, तसेच तिथे करावे. विचार चांगला आहे, पण केबिनमधली जमीन म्हणजे वाट. मध्यरात्री भोंगा झाला तर दारापर्यंत जाताना पायांत गादी येता कामा नये. बॅगाही पलंगाखाली सरकवा. न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठेच लागते, म्हणून तिथला दिवा लावून दार किंचित उघडे ठेवा किंवा घरून रात्रीचा लहान दिवा न्या. बाहेर सज्जा असेल तर त्याची कडी निजण्यापूर्वी स्वतः पाहा आणि खुर्ची कठड्याजवळ ठेवू नका.

पाचवी गोष्ट, लाइफ जॅकेट. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजच्या नियमांप्रमाणे प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जॅकेट मिळाले पाहिजे आणि २४ तास वा अधिक चालणाऱ्या प्रवासात तान्ह्यालाही. केबिनमध्ये शिरल्याबरोबर ती लहान मापाची आहेत का पाहा. नसतील तर लगेच मागून घ्या. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल निसटते.

शेवटी एकच विनंती. कुणाचा बोटीचा बेत ठरला, तर पैसे भरण्यापूर्वी घरच्या दिवाणखान्यात अशीच चौकट आखा. पलंगांच्या जागी साड्यांच्या घड्या अंथरा, मुलांना आत उभे करा आणि विचारा : हा कुठे, ही कुठे, रात्री उठले तर पाय कुठे पडेल? पाव तासाचे काम आहे. ते मी केले असते, तर नातीचा ओठ फुटला नसता आणि माझ्या लेकीला पहिल्या रात्री झोप मिळाली असती. आईची झोपही त्या चौकटीत बसली पाहिजे. पुष्कळदा तीच पहिल्यांदा बाहेर राहते.

आता सभा संपल्यावर ही चौकट पुसण्यापूर्वी ज्यांना हवे त्यांनी आत उभे राहून पाहावे. माझी नातही आज आली आहे. वर झोपायचे का, असे तिला विचारा. ती म्हणते, "सहा पूर्ण झाल्यावर!"