तारावाली कोठी आणि नववीचा गणित-प्रकल्प

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लखनौच्या हजरतगंज भागात, मोतीमहाल मार्गावर, भारतीय स्टेट बँकेचे कामकाज एका जुन्या वास्तूत चालते. लोक तिला ‘तारावाली कोठी’ म्हणतात, कारण ती मुळात वेधशाळा म्हणून बांधली गेली. अवधचा राजा नसीरुद्दीन हैदर याने १८३१ च्या सुमारास तिचा संकल्प सोडला. विलायतेहून उत्तम उपकरणे मागवली गेली. सर्वेक्षणाच्या कामात मुरलेले रिचर्ड विल्कॉक्स १८३५ मध्ये दरबारचे ज्योतिर्विद म्हणून नेमले गेले. १८४० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या हिंदी सहायकांनी येथे ताऱ्यांचे व ग्रहांचे वेध घेतले. पुढे विल्कॉक्स वारले आणि १८४९ मध्ये वाजिद अली शाहने वेधशाळा बंद केली. नोंदींची दप्तरे तोवर छापली गेली नव्हती. ती नाहीशी झाली. १८५७ च्या धुमाळीनंतर उपकरणेही उरली नाहीत. इमारत तेवढी राहिली.

गणिताच्या गटप्रकल्पांविषयी बोलताना लखनौपर्यंत जाण्याचे कारण असे की, दर वर्षी मार्च महिन्यात बहुतेक शाळांमध्ये याची छोटी आवृत्ती घडते. मुखपृष्ठ उरते, थर्माकोल उरतो, मोजमाप हरवते. पाच जणांच्या गटात एक हुशार विद्यार्थी उदाहरणे सोडवतो, अक्षर चांगले म्हणून एक मुलगी लिहून काढते, तिसऱ्याच्या घरी प्रिंटर असतो आणि उरलेले दोघे नावापुरते असतात. मोजायला मुलगे आणि सजवायला मुली, ही वाटणी तर न सांगता होते. ती शिक्षकाने पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे. मग पाचही जणांना सारखे गुण मिळतात. ज्याने काम केले त्याला हे खुपते, आणि ज्याने केले नाही तो त्याहून वाईट धडा घेतो. पालकांचा हातभारही अनेकदा इतका मोठा असतो की, गुणपत्रिकेत त्यांचेच नाव घालावे असे वाटावे.

यावर उपाय म्हणजे प्रकल्प असा निवडणे, जो एकट्याने होणारच नाही. ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढणे हे साधेच उदाहरण घ्यावे. एक मीटरच्या काठीची सावली ८० सेंटीमीटर आणि त्याच क्षणी स्तंभाची सावली ६ मीटर ४० सेंटीमीटर असेल, तर समरूप त्रिकोणांवरून उंची ८ मीटर येते. आता एकाच मुलाने दुपारी आधी काठीची सावली मोजली आणि दहा मिनिटांनी स्तंभाची मोजली, तर ती सावली ६ मीटर ८० सेंटीमीटर भरू शकते. उत्तर साडेआठ मीटर! सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी अर्ध्या मीटरची चूक. काठीपाशी दोघे, स्तंभापाशी दोघे आणि घड्याळ घेऊन पाचवा उभा राहिला, की गट कशासाठी असतो हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कच्च्या वहीची. लखनौला वेध घेतले जात होते त्याच काळात मुंबईत कुलाबा वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली एक तरुण सहायक काम करीत होता. वयाची विशीही त्याने गाठली नव्हती. अलिबागजवळच्या नागावचे हे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ते गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले, टिळकांचे गुरू झाले. कुलाब्याला चुंबकीय सुई, हवेचा दाब, तापमान यांच्या नोंदी ठरलेल्या वेळी होत आणि त्या छापल्या जात. माणसे बदलली, नोंद चालू राहिली. म्हणूनच १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदींची छाननी करून संचालक नानाभॉय मूस १९१० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध करू शकले. लखनौ आणि कुलाबा यांच्यात बुद्धीचा फरक नव्हता. राजाश्रयाचा होता, पण नोंद वेळच्या वेळी बाहेर पोहोचण्याचाही होता.

वर्गात याचा अर्थ इतकाच, की मोजमापाच्या दिवशीच आकडेमोड व्हावी आणि वहीतील प्रत्येक ओळीपुढे मोजणाऱ्याचे नाव असावे. खाडाखोड तशीच राहू द्यावी. खोडरबराने पुसलेली चूक शिक्षकाच्या काही कामाची नसते. प्रकल्प संक्रांतीनंतर लगेच सुरू व्हावा, सराव परीक्षेच्या धामधुमीत ढकलू नये. तोंडी परीक्षेत चिठ्ठी टाकून कोणालाही कोणतीही ओळ विचारावी: हा आकडा कसा आला? गटाचे गुण वेगळे, या उत्तराचे वेगळे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात बारा गट होतात. रोज दोन गट घेतले तरी सहा तासिका जातात, आणि अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत त्या काढणे सोपे नसते. म्हणून मुख्याध्यापकांनी त्या वेळापत्रकातच राखून ठेवाव्यात. गणिताच्या शिक्षकावर सोपवून मोकळे होऊ नये.

राहिला प्रश्न वह्यांचा. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेत ध्वजस्तंभाची किंवा आवारातल्या झाडाची सावली किती तुकड्यांनी मोजली असेल, आणि त्यांतले किती आकडे आज कपाटात सापडतील? मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय उपकरणे अलिबागला हलवायची वेळ आली, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुनी मालिका नव्या मालिकेला जोडायची, तर दुसरा मार्ग नव्हता. शाळेतही जूनमध्ये दहावीत गेलेला जुना गट आणि नववीत आलेला नवा गट यांनी आवारातल्या त्याच झाडाच्या बुंध्याचा घेर एकाच दिवशी, एकाच उंचीवर मोजावा आणि जुनी वही नव्यांच्या हाती द्यावी. ऊन नसले तरी हे जमते. त्यासाठी शिंप्याची फीत पुरत नाही. लांब टेप लागतो, आणि तो खेळाच्या खोलीत असतो.