टाळ, मृदंग आणि हेडफोन

चंद्रभागेच्या वाळवंटांतील कीर्तन आणि विठ्ठलमंदिराच्या दगडी मंडपांतील भजन हीं दोन्ही ज्यानें लक्ष देऊन ऐकलीं असतील, त्याला ध्वनिशास्त्राचा एक धडा गुरूवांचून मिळालेला असतो. वाळवंटांत टाळ वाजला कीं त्याचा नाद मोकळ्या आकाशांत विरून जातो. त्याला अडवून परत पाठविणारी भिंत तेथें नसते. सोळखांबींत तोच टाळ खांबाखांबांवरून परततो, एका ठोक्याचा झणत्कार दुसऱ्या ठोक्यापर्यंत पोंचतो, आणि गाणाराचे शब्द त्यांत अर्धेमुर्धे बुडतात. टाळ एकच, वाजविणारा एकच. कानावर मात्र दोन निराळे आवाज पडतात. यांतला खरा कोणता, असें वारकरी विचारीत नाहीं. परंतु तेंच भजन ध्वनिमुद्रित होऊन हेडफोनमधून कानांत शिरूं लागलें, म्हणजे हा प्रश्न चुकवितां येत नाहीं. कारण आतां दोन हजारांचा, वीस हजारांचा आणि दोन लाखांचा असे तीन हेडफोन एकाच टाळाबद्दल तीन साक्षी देऊं लागतात, आणि साक्षीदाराची किंमत ऐकणाराच्या खिशांतून जाते.

हेडफोन ही कांहीं आजची नवलाई नव्हे. अमेरिकेंत नथॅनिएल बाल्डविन यानें १९१० सालीं जुळविलेले हेडफोन तेथील आरमारानें घेतले. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां स्फटिकाच्या लहान संचावर कार्यक्रम ऐकणाराला हेडफोन लावल्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्या संचाला स्वतःची वीज नसे, आणि दूरच्या लहरीनें आणलेल्या अल्पशा शक्तीवर मोठा कर्णा बोलत नसे. पुढें १९३७ सालीं जर्मनींतील बायर यांचा डीटी ४८ निघाला, आणि १९६८ सालीं सेन्हायझर यांनीं एचडी ४१४ हा पाठीमागून उघडा असलेला हेडफोन बाजारांत आणला. घरीं निवांत ऐकण्यासाठीं जे महागडे हेडफोन आज घेतले जातात, त्यांतले पुष्कळसे या उघड्या पाठीच्या वंशांतले आहेत. बंद पाठीच्या डबींत आवाज मागच्या भिंतीवर आपटून परततो. उघड्या पाठीच्या डबींतून तो निघून जातो. पहिली सोळखांबी, दुसरें वाळवंट, अशी उपमा सुचते खरी, पण ती फार ताणूं नये. मंडपांत डावीकडच्या टाळकऱ्याचा आवाज उजव्या कानालाही ऐकूं येतो, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी अशा अल्प विलंबानें. हेडफोनमध्यें डावा आवाज डाव्याच कानाला मिळतो. म्हणून कितीही मोल दिलें तरी कीर्तनकार समोर उभा राहात नाहीं; तो डोक्याच्या आंत उभा राहतो.

मग परीक्षा कशाची करावयाची? पंढरपुरांतल्या माणसाला यासाठीं परदेशी वाद्यवृंद धुंडाळण्याचें कारण नाहीं. टाळ आणि मृदंग यांच्याइतके कठोर परीक्षक थोडेच मिळतील. काशाच्या दोन वाट्या कांठाला कांठ लागून वाजल्या कीं निघणाऱ्या नादाची पुष्कळशी शक्ति तीन हजार हर्ट्झच्या वर, दहा हजारांच्याही पलीकडे पसरलेली असते. मृदंगाची डावी पुडी, जिला कणीक लावतात, ती याच्या अगदीं उलट टोकाला, खर्जांत घुमते. उजव्या पुडीवरील शाईची किमया चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालींच जगापुढें मांडली: त्या शाईच्या भारामुळें चामड्यांतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येतात, आणि म्हणून मृदंग नुसता बडवल्यासारखा न वाटतां सुरांत बोलतो. जो हेडफोन मधल्या स्वरांत कमीअधिक करतो, त्याच्यांत हें बोलणें बंद पडून नुसती थाप उरते.

परंतु खरी कसोटी वाद्यांची नाहीं, शब्दांची आहे. मराठींतले ‘स’ आणि ‘श’ हे उच्चार साधारण चार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यांत कानाला ओळखूं येतात, आणि टाळाचा झणत्कार नेमका त्याच पट्ट्यांत वावरतो. अनेक महागड्या हेडफोनांत हा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. दुकानांत पांच मिनिटें ऐकतांना तो फार आवडतो. ‘टाळ कसा सुट्टा ऐकूं येतो!’ असें गिऱ्हाईक म्हणतो. घरीं तासभर भजन ऐकल्यावर लक्षांत येतें कीं टाळ पुढें आला आणि अभंग मागें गेला. ज्याच्यांत पंधरा टाळ एकदम वाजत असतांनाही चरणाचा प्रत्येक शब्द ताण न पडतां उमजतो, तो हेडफोन चांगला. सेन्हायझरचा १९९७ सालचा एचडी ६०० इतकीं वर्षें टिकला तो मुख्यतः मानवी कंठाशीं इमान राखल्यामुळें. २००९ चा एचडी ८०० त्याहून महाग आणि विस्तारानें मोठा, पण उंच स्वरांत त्याहून तीव्र आहे, आणि टाळांच्या गर्दींत ही तीव्रता जाणवते. किंमत आणि आवाज यांची सांगड किती सैल आहे, हें येरून ब्रीबार्ट यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसतें. त्यांनीं २८३ हेडफोनांच्या स्वरांची मोजणी केली, आणि किंमत व स्वरांचा समतोल यांत संबंध सांपडला नाहीं. घडण, टिकाऊपणा, कानाला होणारें सुख यांचे पैसे पडतात, आणि ते पडावेत. आवाजाचेच पडतात असें मात्र समजूं नये.

आतां हेडफोनच्या मागें उभ्या असलेल्या यंत्रांविषयीं. येथें श्रद्धा फार आणि गणित थोडें, अशी अवस्था आहे. म्हणून गणितच आधीं पाहावें. मोबाइलला जोडण्याच्या साध्या तुकड्यांतून एक व्होल्टच्या आसपास विद्युत्दाब मिळतो. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यांतून ३१ मिलिवॅट शक्ति मिळते. ३०० ओहमच्या एचडी ६०० ला जेमतेम ३.३. शांत आवाजांत ऐकणाराला तेवढी पुरते, पण ज्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज मुळांतच लहान आहे तेथें ती तोकडी पडते. अशा वेळीं निराळा ॲम्प्लिफायर हवा, आणि त्याचें पहिलें काम आवाज पुरविणें हेंच. दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या अंतर्गत रोधाची. एचडी ६०० सारख्या हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो; शंभर हर्ट्झच्या आसपास तो ३०० वरून ५०० ओहमच्या पुढें चढतो. ॲम्प्लिफायरचा रोध १२० ओहम असला, तर खर्जाचा तो भाग सुमारे एक डेसिबलनें उचलला जातो. रोध दोन ओहम असला तर फरक डेसिबलच्या पन्नासाव्या हिश्शाइतका उरतो. जुन्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरवर मृदंग ‘भरदार’ वाजतो असें जें सांगतात, त्याचें रहस्य पुष्कळदां एवढेंच असतें. तो भरदारपणा खोटा म्हणण्याचें कारण नाहीं. तो मृदंग्याच्या हातांतून आलेला नाहीं, इतकें ध्यानांत ठेवावें. सपाट पडद्याच्या चुंबकीय हेडफोनांत रोध सर्वत्र जवळजवळ सारखा असल्यानें तेथें ही जादू चालतच नाहीं.

डिजिटल आंकड्यांचा पुन्हां विद्युत्प्रवाह करणारा डॅक हा त्याहीपेक्षां कमी महत्त्वाचा. बोस्टनच्या परिसरांत मायर आणि मोरन यांनीं केलेला प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. वरच्या दर्जाचें ध्वनिमुद्रण एकदां जसेंच्या तसें आणि एकदां साध्या सीडीच्या मापांतून काढून ऐकविलें. ५५४ वेळां विचारणा झाली आणि २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडविलें असतें तरी याहून वेगळें घडलें नसतें. सेन्हायझर यांनीं एचई १ नांवाचा, संगमरवरी बैठकीवर आठ काचेच्या नळ्या उभ्या केलेला, सुमारे ५० हजार युरोंचा संच केला. तो पाहण्यासारखा आहे यांत शंका नाहीं. संगमरवर मात्र गात नाहीं.

तुलना करतांना बहुतेकांची चूक एकाच जागीं होते: दोन आवाजांची पातळी सारखी केलेली नसते. एक डेसिबल मोठा असलेला आवाज ‘मोठा’ वाटत नाहीं, ‘चांगला’ वाटतो. दोन ॲम्प्लिफायर ताडून पाहावयाचे तर मापकानें दोहोंचा विद्युत्दाब आधीं सारखा करून घ्यावा, आणि जोडणी दुसऱ्याच्या हातीं देऊन स्वतः पाठमोरें बसावें. कोणता वाजतो आहे हें ठाऊक नसतां दहांपैकीं नऊ वेळां ओळख पटली तर पैसे खुशाल खर्चावेत. हेडफोनांच्या बाबतींत असें पाठमोरें बसणें कठीण, कारण वजनावरून आणि गादीवरून ते डोक्याला कळतात. तेथें एकाच हेडफोनवर आठवडाभर तेंच भजन ऐकून मग दुसरा घ्यावा.

भजन कोणतें निवडावें, यालाही मर्यादा आहे. १९२५ पूर्वी कर्ण्यांत गाऊन होणाऱ्या मुद्रणांत तीन हजार हर्ट्झच्या वरचा बहुतेक भाग तबकडीवर उमटतच नसे. विद्युत् मुद्रण आल्यावर ही हद्द पांच-सहा हजारांपर्यंत सरकली. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटांत विष्णुपंत पागनीस यांचा आवाज आज ऐकतांना त्यांतल्या टाळाचा वरचा अर्धा नाद कोणत्याही यंत्राला परत आणतां येत नाहीं. अशा मुद्रणासाठीं मऊ, साधा हेडफोनच बरा. तीक्ष्ण हेडफोन फक्त तबकडीची खरखर मोठी करतो. राम फाटक यांच्या चालींवर भीमसेन जोशी यांनीं गायलेल्या अभंगांसारखीं नंतरचीं मुद्रणें मात्र परीक्षेला उत्तम, कारण त्यांत टाळ, मृदंग आणि स्वच्छ शब्द हीं तिन्ही हजर आहेत.

राहतां राहिला कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, ९० डेसिबल केवळ चार तास. टाळकऱ्यांच्या रांगेंत रात्रभर उभें राहून आलेल्या माणसानें त्याच दिवशीं हेडफोन विकत घ्यायला जाऊं नये. त्याच्या कानाला उंच स्वर कांहीं काळ मंद ऐकूं येत असतात, आणि दुकानांतला सर्वांत कर्कश हेडफोन त्याला नेमका त्या दिवशीं गोड वाटेल. एकादशीनंतर दोन-तीन दिवस जाऊं द्यावेत.